सिलासचे बूट

सिलास विडोसनला पुरून थोडेच दिवस झाले होते. त्याची बायको हेस्टर एनॉक हॅलमच्या दारात आली आणि म्हणाली, मैदानावर त्याचे बूट राहिलेत, तेवढे आणून दे. शेवटी शेवटी तापात बरळतानाही तो बुटांचंच विचारत होता.

ट्रेंट नदीकाठच्या एकाच गल्लीत दोघं वाढले. हिवाळाभर मोजे विणायच्या मागावर बसायचं आणि उन्हाळा लागला की काउंटीकडून पगारावर क्रिकेट खेळायचं. सिलास चेंडू टाकायचा, एनॉक यष्ट्यांमागे उकिडवा बसून झेलायचा. सिलासचा वेग झेलून झेलून त्याची बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. मग एका उन्हाळ्यात धावता धावता सिलासला खोकल्याची उबळ आली आणि रुमाल लाल झाला. पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. एनॉक दुसऱ्या कुणाचे तरी चेंडू झेलत राहिला.

एनॉक मैदानावर पोचला तेव्हा दिवस कलला होता. नदीवरून धुकं चढत होतं. पगारी खेळाडूंच्या खोलीत ओल्या चामड्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता. बूट खुंटीखालीच होते. त्याने ते उचलले, आणि बाहेर कुणीतरी खोकलं.

तो खोकला एनॉकने कुठेही ओळखला असता.

मग पावलं आली. धावत, लयीत, जवळ जवळ... पण बुटांच्या तळाच्या खिळ्यांचा आवाज नव्हता. ओल्या गवतावर अनवाणी तळवे पडत होते. खेळपट्टीपाशी येऊन ते थांबले. मागे गेले. पुन्हा आले.

एनॉक बूट घेऊन बाहेर गेला. सिलासची धाव जिथून सुरू व्हायची तिथे त्याने बूट ठेवले आणि स्वतः यष्ट्यांच्या जागेमागे जाऊन बसला.

"ये, सिलास," तो हळूच म्हणाला. "मी आहे..."

या वेळी खिळे वाजले. एनॉकच्या तळव्यांवर फाडकन काहीतरी आदळलं आणि ओळखीची कळ कोपरापर्यंत गेली. हातात मात्र काहीच नव्हतं. तो रडत रडत झेलत राहिला, पार अंधारून येईपर्यंत. मग पावलं थांबली. जाऊन पाहतो तर बूट जागेवर नव्हते.

हेस्टरच्या घरी तो रिकाम्या हातांनी गेला. बूट मिळाले नाहीत, एवढंच त्याला सांगता आलं.

"त्याला मिळाले," हेस्टर शांतपणे म्हणाली. "आत्ताच या खिडकीखालून गेला. पायांत होते."

एनॉकने खिडकीबाहेर पाहिलं.

"एकटाच असेल तिकडे, असं वाटून जीव तुटायचा माझा. आज जरा निवला..." ती थांबली. दिव्याच्या उजेडात तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

"पण एनॉक, तू तर त्याच्या खांद्यावर हात टाकून चालला होतास. दोघं हसत हसत कबरस्तानाच्या फाटकातून आत गेलात... मग तू इथे कसा?"