बेवारस फोटो

तुंबलेले पाइप मोकळे करून देणारी एक कंपनी होती आणि तिच्या ऑफिसात पावशेर नावाचा एक प्रोग्रामर होता. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. अंगावर मांस इतकं कमी, की तो बसला तरी खुर्ची रिकामीच वाटायची, म्हणून पावशेर. घाणीचा त्याला भारी तिटकारा. चहावर साय धरली तरी तो कप दूर सारायचा. आणि नेमक्या अशा माणसाच्या गळ्यात मालकांनी गटाराचे फोटो बांधले होते.

काम तसं सोपं होतं. पाइपवाले लवचिक तारेच्या टोकाला बोटाएवढा कॅमेरा लावून तो पाइपात सोडत. आत जे काही अडकलेलं असेल त्याचा फोटो निघे. पावशेरनं लिहिलेलं मोबाइल ॲप तो फोटो आपोआप गिऱ्हाइकाला पाठवी आणि सोबत मजकूर जाई: 'काम चालू आहे. पुढे जायचे का? हो किंवा नाही कळवा.' गिऱ्हाइकानं 'हो' कळवलं, की पाइपवाल्याच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटे आणि तो तार आणखी आत सारी. या 'हो'चं मालकांना विलक्षण प्रेम. नंतर कुणी नळ फुटला, फरशी उखडली म्हणत भांडायला आलं, की त्याचंच 'हो' त्याच्या तोंडावर मारता येई.

आता असलं यंत्र चालतं की नाही हे बघायला एक खराखुरा नंबर लागतो. स्वतःचा घातला तर मोबाइल दिवसभर किणकिणणार. म्हणून पावशेरनं घातला आत्याचा.

आईमागे त्याला वाढवलं ते या आत्यानं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि तिची एकच तक्रार असायची: "मेल्या, येऊ नकोस, पण एखादी ओळ तरी टाकत जा." घे म्हणावं, आता दिवसभर ओळीच ओळी! फोटोंच्या जागी त्यानं मांजरांची चित्रं टाकली. आपली ही युक्ती त्याला इतकी आवडली, की त्यानं ती आणखी पुढे नेली: ज्या फोटोवर कुठल्याच गिऱ्हाइकाचा नंबर नसेल, तोही आत्याच्याच नंबरावर जावा, अशी एक ओळ त्यानं प्रोग्राममध्ये लिहून ठेवली. पुढे ॲप सुरू झालं, मालकांनी पाठ थोपटली आणि ती ओळ काढायचं पावशेर साफ विसरला.

मग एका दुपारी आत्याचा फोन आला.

"कामात आहेस?"

"आहे गं. बोल."

"तुझे फोटो मिळतात हो. पण आता पुरे कर बाबा. ती मांजरं किती गोड होती! हल्लीचं बघून घास उतरत नाही मला."

पावशेरच्या कपाळावर आठी चढली. ती विसरलेली ओळ त्याला आता आठवली. कुणा पाइपवाल्यानं गिऱ्हाइकाचा नंबर न घालताच फोटो काढले असणार, दुसरं काय! त्यानं जुने फोटो उघडले.

पहिल्यात नुसताच पाइप होता, भिंतींना शेवाळ. दुसऱ्यात चरबीचा थर. पांढुरका, घट्ट, वर फोड आल्यासारखा. तिसऱ्यात केसांचा एक ओला गोळा, आणि त्या गोळ्यात रुतून बसलेली नखं. कापून टाकलेली नव्हेत; मुळासकट निघालेली, एकाच बाजूला वळलेली, चिखलात बोटं रुतवून पकड घ्यावी तशी. पावशेरनं तोंडावर रुमाल धरला.

त्या दिवशी सगळे पाइपवाले ऑफिसातच होते, मालकांची बोलणी खात. त्यातल्या सगळ्यात जाड्याला त्यानं बाजूला घेतलं.

"हे कुणी काढलेत?"

जाड्यानं फोटो पाहिला, मान मागे घेतली. "माझे नाहीत, साहेब. माझी घाण मी ओळखतो."

"मग दुसऱ्या कुणाचे?"

"आज कुणी बाहेर गेलंय कुठं? कॅमेरे ते बघा."

कॅमेरे कोपऱ्यातल्या बादलीत वेटोळी करून पडले होते. बंद, धुतलेले, अजून ओले. पावशेर त्यांच्याकडे बघत असतानाच स्क्रीनवर आणखी एक फोटो येऊन पडला. कुठल्या मोबाइलवरून आला, ती जागा कोरी होती.

या फोटोत वरून उजेड येत होता. काळ्या छतात छोटी छोटी गोल भोकं, त्यांतून ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश. पावशेरला आधी काही उमजेना. मग उमजलं. ती सिंकची जाळी होती. खालून पाहिलेली.

पुढच्या फोटोत जाळीवर एक चेहरा वाकला होता. चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेली.

ती चिकटपट्टी त्यानंच लावून दिली होती.

त्यानं आत्याचा नंबर पुसला. तरी पुढचा फोटो तिला गेलाच. त्यानं मेसेज पाठवणारा सगळा प्रोग्रामच बंद केला. "अरे, काय करतोयस?" मालक ओरडले. "गिऱ्हाइकं ताटकळतील!" पावशेरला ऐकू येत नव्हतं. बंद प्रोग्राममधून आणखी एक फोटो गेला, आणि त्याच्यासमोर अक्षरं उमटली: पोचला. वाचला. उत्तर आले.

टेस्टच्या नंबरावरून उत्तर येतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती उत्तरं कुणी वाचतच नसे. आता त्यानं वाचली.

'हो.'

'हो रे.'

'हो बाळा. जेवलास का?'

'हो. कधीचं म्हणतेय. कुठवर आलास?'

आणि शेवटचं, आत्ताचं: 'हो, ये.'

मिळेल ती गाडी पकडून पावशेरनं आत्याचं घर गाठलं. वाटेत तो फोन लावत होता आणि आत्या फोन उचलत नव्हती. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकताच वासानं त्याला जवळजवळ परत ढकललं. उकडलेल्या जुन्या मांसासारखा, आणि त्यात कुठेतरी साबणाचा गोडसर वास.

आत्या सिंकपाशी उभी होती, धडधाकट.

"आलास! बघ, म्हटलं नव्हतं, येशील म्हणून!"

"आत्या, फोन का उचलत नाहीस?"

"हात बरबटलेत रे माझे. हे बघ ना, सकाळपासून तुंबलंय." सिंकमध्ये करडं पाणी काठोकाठ भरलं होतं. वर तवंग. तवंग हलत होता. कुणी ढवळत नसताना एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत होता.

"तू त्या मेसेजना 'हो' का म्हणत राहिलीस?"

"तूच विचारायचास, पुढे जायचं का म्हणून. आता पोराचं काम अडलंय, त्याला 'नाही' कशी म्हणू?"

"मी नव्हतो विचारत, आत्या."

ती हसली. "मग कोण विचारत होतं?"

ओट्यावरचा तिचा मोबाइल थरथरला. नवा फोटो. या वेळी जाळी नव्हती. नुसतं करडं पाणी, आणि पाण्यापलीकडे लवलवणाऱ्या दोन आकृत्या: एक चष्मेवाली, एक काटकुळी.

"'नाही' लिही," पावशेर म्हणाला. "आत्या, तुझ्या पाया पडतो. लगेच लिही."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की तिनं पुढे विचारलं नाही. बरबटलेल्या बोटांनी तिनं एक-एक अक्षर दाबलं आणि 'नाही' पाठवलं. मग चष्मा सावरत ती सिंकवर वाकली.

"वाकू नकोस!"

सिंकनं ढेकर दिली. खोल, लांबलचक, माणसासारखी. काळे शिंतोडे आत्याच्या चेहऱ्यावर उडाले, ओठांवर उडाले. ती थुंकली, तोंड पुसलं, पुन्हा थुंकली. आणि सगळं पाणी गडगडत खाली गेलं. मागे राहिलं लख्ख कोरडं भांडं.

"सुटलं की रे!" आत्या म्हणाली.

मोबाइलवर मेसेज आला: 'धन्यवाद. तिथले काम थांबवले आहे.'

हा मजकूर पावशेरनं कधीच लिहिलेला नव्हता.

तो आत्याला त्याच संध्याकाळी आपल्या घरी घेऊन आला. कायमचा, सामानासकट. फोटो थांबले. मालकांनी एकदा शिव्या घातल्या आणि विषय मिटला. आत्या खूश होती. दिवसभर बोलत असायची, भाचा घरात आहे याचं तिला अजून खरं वाटत नव्हतं. नाही म्हणायला तिला थोडा खोकला झाला होता. बोलताना घशात काहीतरी घरघरायचं. कधी खोकून खोकून ती बोटानं जिभेवरून एखादा लांब केस ओढून काढायची, करडा, तेलकट, आणि म्हणायची, "मेले माझे केस फार गळायला लागलेत."

तिचे केस पांढरेशुभ्र होते.

डॉक्टरांनी घसा बघितला, काही नाही म्हणाले, औषधाची बाटली दिली. एका प्रसन्न सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, पावशेर चमचा भरून तिच्यासमोर वाकला.

"आत्या, आ कर."

"कडू आहे का रे?"

"गोड आहे. कर."

तिनं आ केला. त्याच वेळी त्याच्या डाव्या हातातला मोबाइल थरथरला. सवयीनं त्याची नजर तिकडे गेली.

फोटो होता. गुलाबी, ओल्या भिंतींचं एक गोल बीळ. टोकाला उजेड. उजेडाच्या वर आणि खाली दातांची एकेक रांग. आणि दातांपलीकडे, ऊन पडलेल्या खोलीत, हातात चमचा धरून वाकलेला एक हडकुळा माणूस.

पावशेर हलला नाही.

आत्यानं वाट पाहिली. मग कंटाळून तोंड मिटलं.

मोबाइल पुन्हा थरथरला. हा फोटो पूर्ण काळा होता.