काळ्या फोटोतले खांब

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि प्राचार्य कमलाकांत सरांचा फोन वाजला.

"दीपा मॅडम, तुमचा इतिहासाचा पेपर फुटलाय. तेजलला आधीच माहीत होता."

"कशावरून, सर?"

"फोटोबद्दल तिने लिहिलंय ते दुसऱ्या कुणालाच दिसलेलं नाही. संध्याकाळी समिती बसतेय. तिचं वर्ष रद्द होणार."

तव्यावरची पोळी करपली. धीरज, दीपाचा नवरा, धावत आला. "काय गं?"

"तेजलवर आळ आलाय. माझ्या पेपरातल्या फोटोवरून."

"कमाल आहे! बोंबलाच्या एका फोटोपायी पोरीचं वर्ष घालवणार? तू हो पुढे, डबा मी भरतो."

माणूस मोठा प्रेमळ. बोईसरच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत पदवीच्या मुलांचे क्लास घ्यायचा. हल्ली मुलं गळत चालली होती, तरी कधी चिडचिड नाही.

पेपर कसला, तर एकच निबंध. किनाऱ्याबद्दलच्या जुन्या कागदपत्रांतले तीन अस्सल उतारे आणि एक फोटो द्यायचा. ते तपासून मुलांनी इतिहास लिहायचा. घोकंपट्टीला वावच नाही, म्हणून दीपा कोण खूश होती! फोटो तिच्या मामांच्या अल्बममधला, खाली एक अक्षर नाही. पण कॉलेजचं झेरॉक्स मशीन म्हणजे आनंदीआनंद. फोटो काजळीसारखा काळा आला आणि त्यात दिसले फक्त चार खांब.

"वर्गाने काय लिहिलंय? तारायंत्राचे खांब!" कमलाकांत सर केबिनमध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात आपटत म्हणाले. "एकाने तर फाशीचे खांब लिहिलेत. आणि ही लिहिते, बोंबील सुकवायची वलांडी. या डांबरात हिला बोंबील दिसले होय? इतिहास लिहावा तो दिग्विजयने. डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीपासून सुरुवात करून बाजार कुणाच्या हाती होता ते मांडलंय पठ्ठ्याने!"

दिग्विजयला सर्वांत जास्त मार्क दीपानेच दिले होते.

तेजल जिन्याखाली उभी होती. तारापूरच्या किनाऱ्यावरची पोर, डोळे रडून सुजलेले.

"खरं सांग. कुणी सांगितलं होतं?"

"कोणी नाय, मॅडम."

"मग ओळखलंस कसं?"

"टोकाच्या खांबाला तिरका टेका दिसतो ना? दोरीवर ओले बोंबील टांगले का भार पडतो, खांब आत झुकतो. म्हणून टेका देतात. आमचे दारातच हाय. तारेच्या खांबाला असा बांबू कोण लावील?"

"हे सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते बोलले, पाठ करून आलीस." तिला हुंदका आला. "वरस गेला तर आई परत पाठवणार नाय, मॅडम. आताच बोलते, शाळा पुरे, पाटी घे."

दीपाने तिचा हात धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती थांबवायची कशी?

शिपाई पुंडलिकला तिने मशीनपाशी गाठलं.

"फोटो किती वेळ तुझ्याकडे होता?"

"माझ्याकडे? हातात तरी दिलात काय? तुमी इथंच उभ्या होतात. प्रती काढल्या, फोटो पर्समध्ये टाकलात न् घरी गेलात. प्रती कपाटात, चावी सरांकडे."

"प्रती काढताना काही झालं होतं?"

"फोटो लांबडा, कागद आखूड. उजवी बाजू कापली गेली. मी बोललो पण. तुमी बोललात, खांब आले ना, चालेल."

दीपाने प्रत उजेडात धरली. चौथा खांब, टेका आणि लगेच कागदाची कड. ती स्टुलावर बसली आणि तिन्ही उतारे पुन्हा वाचायला लागली.

दुपारी तिने सरांच्या केबिनमध्ये दिग्विजयला बोलावलं. तेजलही होती.

"दिग्विजय, पाटीवाली कोळीण तुला कुठे दिसली?"

"फोटोत, मॅडम. उजव्या कोपऱ्यात."

"दाखव."

त्याने प्रत घेतली आणि त्याचं बोट कडेपाशी अडखळलं.

"उताऱ्यांत ती नाही, सर. मी तिन्ही पुन्हा वाचले," दीपा म्हणाली. "ती बाई फक्त मूळ फोटोत आहे. प्रतीत ती कापली गेली. तपासताना मला खटकलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे मूळ फोटो होता. तेजलने लिहिलंय ते सगळं या प्रतीत आहे: खांब आणि टेका. कपाटातल्या प्रती फोडूनही ही बाई कुणाला दिसली नसती. दिग्विजयने मूळ फोटो पाहिलाय. प्रत काळी बघून बोंबील त्याने शहाण्यासारखे गाळले, पण बाई पाठ केलेल्या पहिल्याच वाक्यात होती."

"कुणी दाखवला रे?" सर गरजले.

दिग्विजय दीपाकडे बघून पुटपुटला, "मॅडम, नका ना विचारू."

"मीच सांगते. प्रती काढायला आणला तेवढं सोडलं, तर मूळ फोटो माझ्या घराबाहेर गेलाच नाही. हा माझ्या घरीच क्लासला येतो. आणि आज सकाळी मी नुसतं 'फोटो' म्हणाले, तर माझा नवरा बोंबलाचा फोटो म्हणाला. मी त्याला तो कधीच दाखवला नव्हता." तिने दिग्विजयच्या हातातली प्रत काढून घेतली. "क्लासच्या फलकावर पहिल्या नंबराचा चेहरा हवा होता त्याला. कुंपणानेच शेत खाल्लं, सर. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

सरांनी तेजलचा पेपर गठ्ठ्यात परत ठेवला. "तेजलचं वर्ष वाचलं. पण मॅडम, पेपर तुमच्या घरातून फुटला. समितीपुढे आता तुम्हाला उभं राहावं लागेल. माझा इलाज नाही."

"माझाही नाही," दीपा म्हणाली.

दाराबाहेर तेजलची आई कमळी पाटी टेकवून बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने दीपाचे दोन्ही हात धरले. हातांना मासळीचा वास होता. दीपाला ते सोडवेनात.

तेवढ्यात मोबाइल वाजला. धीरज होता.

"अगं, डबा इथेच विसरलीस. काय झालं? सुटली का ती पोरगी?"

"सुटली," दीपा म्हणाली. "आपण अडकलो."