पहिली वाफ

"सिस्टर, आत्ताच्या आत्ता ये. ह्यांना बोलता येत नाहीये."

सख्खी मोठी बहीणसुद्धा तिला सिस्टरच म्हणायची. भावजींच्या कारखान्याच्या दवाखान्यात तिने नर्स म्हणून बावीस वर्षं काढली होती. दवाखाना बंद झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती पोचली तेव्हा भावजी खिडकीचे गज धरून उभे होते. तिने जुनीच रीत वापरली.

"एका दमात आकडे म्हणा बघू."

भावजी अकराला थांबले. दवाखान्याच्या वहीत तिने त्यांच्यापुढे बावन्न लिहिले होते. "पंचावन्न लिही की, मेहुणी कसली तू!" म्हणून ते किती हसले होते!

"डॉक्टर दमा म्हणतात," ताई म्हणाली. "पण तो फवारा ओढून काडीचा फरक नाही. विडी नाही, तंबाखू नाही. मग हे आलं कुठून?"

"सुट्टीत बरं वाटतं?"

"आधी वाटायचं. आता तेही नाही."

भावजी मायक्रोवेव्हमध्ये फुगवायच्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात चाचणी करायचे. रोज शंभर पाकिटं फुगवायची, फोडायची आणि पहिली वाफ छातीभर ओढायची. लोण्याचा वास नीट उतरला की नाही, हे त्यांचं नाक सांगे. त्या नाकाचा त्यांना कोण अभिमान!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यातल्या त्यांच्या चाचणीच्या खोलीत गेली. वास बाहेर टाकणाऱ्या पंख्यावर पुठ्ठा चिकटवलेला होता. कोपऱ्यात वासाच्या अर्काचा ड्रम होता. त्यावरचं लेबल खरवडलेलं. डिंकाचा चौकोन तेवढा उरला होता. भिंतीला मोठी काच होती. ती काही तिच्या वेळची नव्हती.

काचेपलीकडच्या केबिनमधून मॅनेजरने झरोका इंचभर सरकवला. "बोला सिस्टर."

"पंख्यावर पुठ्ठा कुणी लावला?"

"तुमच्याच भावजींनी. पंखा वास पळवतो म्हणे. उगाच आमच्यावर खापर फोडू नका."

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. असं भावजीच करणार.

"ही काच कधी बसवली?"

"झाली दोन वर्षं."

"आणि हा नवा अर्क?"

"त्याच सुमारास."

"पूर्वी तुम्ही आत येऊन प्रत्येक पाकिटात हात घालायचात. शर्टावर लोण्याचे डाग घेऊन दवाखान्यात यायचात."

"आता तेलकट वर्ज्य आहे मला."

तिने एक पाकीट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. ते टम्म फुगल्यावर चिमटीत धरून सरळ केबिनमध्ये गेली आणि त्याच्या टेबलावर फाडलं.

मॅनेजर खुर्चीसकट मागे सरकला. रुमाल नाकाशी गेला होता.

"खायचं पथ्य समजलं," ती म्हणाली. "हुंगायचं पथ्य कुणी सांगितलं?"

त्याने रुमाल खाली घेतला नाही.

"मी सांगते. ड्रमवरच्या लेबलाने सांगितलं. ते वाचून तुम्ही स्वतःसाठी काच बसवलीत आणि मग लेबल खरवडून काढलंत. पुठ्ठा भावजींनी लावला, खरंय. पण वाफेत काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही काचेतून तो पुठ्ठा रोज बघत होतात."

त्याने खण उघडला. अर्धवट फाटलेलं लेबल बाहेर आलं. 'गरम वाफ हुंगू नये. फुप्फुसांना कायमची इजा.'

"त्यांच्यासारखं नाक मी कुठून आणलं असतं?" तो पुटपुटला. "माल अडला असता."

लेबल कारखाना निरीक्षकाकडे गेलं. खोलीला सील लागलं, मॅनेजरला घरी बसवलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग आता औषध कोणतं?"

सिस्टरने भावजींची उशी सारखी केली.

"पुठ्ठा... मीच लावला ना?" भावजींनी विचारलं.

"बोलू नका. आकडे म्हणा."

"एक, दोन, तीन..." सातला त्यांचा श्वास संपला.

ताईने त्यांचा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात, बावन्नपर्यंत जायचंच आहे अशा निश्चयाने ती पुढे म्हणू लागली. "आठ. नऊ. दहा."