मधल्या पट्टीत सुटलेला हात

सीमेवरच्या तीन नंबरच्या खिडकीतल्या साहेबाबद्दल तुम्ही आत्ता जे बोललात, ते माझ्यासमोर परत बोलू नका. खडूस आहे, कबूल. रांग मुंगीच्या पावलानं पुढं सरकते, तोंड वर करून बघत नाही, एकच प्रश्न तीनदा विचारतो. मीही त्याला जाताना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. पण त्या माणसाचे या घरावर उपकार आहेत आणि ते फिटायचे नाहीत. दिवा जरा जवळ घ्या, बसा. सांगतो.

काम साधंच होतं. अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणायचं. आपल्याकडे डॉक्टरांनी हात टेकले होते, पलीकडच्या देशात होईल म्हणाले. मी पुस्तकं बांधणारा माणूस. दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, अक्का चौदाची. तिनं मला वाढवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. तिची नजर गेली असती, तर मी आरशात कोणत्या तोंडानं बघितलं असतं?

ऑपरेशन छान झालं. निघताना तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगितल्या. चार दिवस पट्टी काढायची नाही, आणि पट्टीला ओल लागू द्यायची नाही. ओल आत गेली, तर डोळे गेले म्हणून समजा. मी ते पाठ केलं. अक्का मात्र बसमध्ये सगळ्यांना सांगत होती, "या वयात भावानं आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीय." तिच्या तोंडाला पट्टी बांधायची राहिली, असं मी म्हटल्यावर तिनं अंदाजानं माझ्या पाठीत धपाटा घातला. तो नेमका बसला.

त्या नाक्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पलीकडच्या फाटकाशी बस रिकामी करतात, तपासायला वेगळी नेतात, आणि माणसांना आपल्या फाटकापर्यंत पायी चालावं लागतं. मधला चारशे पावलांचा रस्ता कुठल्याच देशाचा नाही. दोन्हीकडे तारेचं कुंपण, एका बाजूला खोल नाला. सगळे त्याला मधली पट्टी म्हणतात.

दुपारचे चार वाजले असतील, पण धुकं इतकं उतरलं होतं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. नुसत्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. लोखंडाला गंज चढल्यावर येतो तसा ओला वास सुटला होता. मी अक्काचा हात घट्ट धरला, माझी कानटोपी तिच्या पट्टीवर ओढली आणि चालायला लागलो. मनात एकच धास्ती. ओल, ओल, ओल.

निम्म्या रस्त्यात माझ्या हातातल्या पिशवीचा बंद तुटला. औषधाच्या बाटल्या, रिपोर्ट, दोघांचे पासपोर्ट, सगळं रस्त्यावर. "अक्का, इथंच उभी राहा, हलू नकोस," म्हणालो आणि हात सोडला. चाचपडत एकेक वस्तू गोळा केली. दोन मिनिटं लागली असतील, फार तर तीन. मग मागं हात केला आणि हातात हात आला.

गार होता. धुक्यानं गारठला असेल, असं वाटलं. मी तो चोळत चोळत निघालो. "चल अक्का, थोडंच राहिलंय. आपल्या घरी जाऊ. गेल्या गेल्या कढत पाणी देतो, पांघरूण देतो. आता कुठं जायचं नाही, काही करायचं नाही. घरी चल." असं काहीबाही बोलत राहिलो. ती एका शब्दानं बोलली नाही. दमली बिचारी, असं म्हणून मी आणखीच बोलत राहिलो.

आपल्या फाटकातल्या इतर खिडक्यांवर कॅमेऱ्यात डोळे दाखवावे लागतात. ज्यांचे डोळे दाखवता येत नाहीत, त्यांना तीन नंबरला पाठवतात. तिथं हा साहेब बसतो, जुनी वही घेऊन. जाताना अंगठा, येताना त्याच्याच शेजारी अंगठा. जातानासुद्धा अक्काचे डोळे कॅमेऱ्यात नीट येईनात, म्हणून तिचा अंगठा त्यानंच घेतला होता आणि आम्हाला पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं.

"अंगठा," तो म्हणाला.

मी तिचा हात पुढं केला. अंगठा शाईच्या गादीवर दाबला, मग वहीवर. साहेबानं भिंग लावलं. बघत राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात सुस्कारा टाकला.

"या कोण तुमच्या?"

"थोरली बहीण. पासपोर्टात लिहिलंय की."

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. आवाज इतका हळू होता की मला खिडकीशी वाकावं लागलं.

"हात कुठं सोडलात त्यांचा?"

"अं...?"

"मधल्या पट्टीत. हात... कुठं सोडलात?"

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. अक्काचा जातानाचा अंगठा तिथं होता, निळा, रेघारेघांचा. त्याच्या शेजारी नुसता पाण्याचा डाग होता. शाई नाही, रेघ नाही. कागद ओला होऊन फुगला होता, आणि ओला कागद मी रोज बघतो.

मग मी तिच्याकडे बघितलं. उंची अक्काची. साडीचा रंगही तोच वाटत होता. डोक्यावर माझी कानटोपी मात्र नव्हती. डोळ्यांवर पट्टी होती, पण ती दवाखान्याची नव्हती. जुनं, पिवळं पडलेलं कापड होतं आणि त्यातून पाणी गालावर ठिबकत होतं. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी पुढं काय सांगतो, याची वाट बघत असावी तशी.

माझा हात अजून तिच्या हातात होता. सोडवायचा म्हटलं तरी बोटं उघडेनात.

साहेब खिडकीतून बाहेर आला. मला वाटलं, आता ओरडेल. तो तिच्यापुढं थोडा वाकला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. त्या बाकावर बसा जरा." घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. तिनं माझा हात सोडला. बाकावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"चला," तो मला म्हणाला.

शेजारच्या खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, खिडकीशी आलेला माणूस परत पट्टीत नेता येत नाही. लेखी नियम आहे. नोकरीवर येईल."

"येऊ दे," तो म्हणाला. वहीत काहीतरी लिहिलं, खाली सही केली, बॅटरी घेतली आणि स्वतःच्या कमरेचा पट्टा मागच्या बाजूनं माझ्या हातात दिला. "हा सोडायचा नाही. काही ऐकू आलं तरी नाही. आणि बहिणीला हाक मारायची नाही. हाकेला इथं कुणीही ओ देतं... फक्त त्यांनाच कळेल असं काहीतरी बोला."

बॅटरीचा उजेड हातभर जात होता, पुढं नुसता पांढरा अंधार. नाल्यातलं पाणी कुठून वाजतंय ते कळेना, कधी डावीकडून, कधी थेट समोरून. ती नाल्यात गेली असेल, किंवा पट्टी भिजून लगदा झाली असेल, याच्यापुढं डोकं चालत नव्हतं. काय बोलावं तेही सुचेना. मग लहानपणीची खोडी आठवली. अक्का जरा डुलकी घ्यायला लागली की मी कानात ओरडायचो.

"दूध उतू गेलं..."

काहीच नाही. आणखी वीस पावलं गेलो. माझा आवाज रडका झाला होता.

"दूध उतू गेलं गं..."

"मग गॅस बारीक कर, गाढवा!"

साहेबाच्या पट्ट्याला धरून मी तिथंच रडलो, लाज वाटत नाही सांगायला. अक्का मैलाच्या दगडावर बसली होती. तिच्या पायांपासून दोन पावलांवर नाल्याचा काठ होता, आणि तिथलं कुंपण तुटलेलं होतं. डोक्यावरून कपाळाखालपर्यंत जाड लोकरी शाल ओढलेली. मी शाल वर केली, कानटोपीखाली बोट घालून पट्टी चाचपली. कोरडी. अगदी कोरडी.

"किती वेळ लावलास," अक्का म्हणाली. "त्या बाई होत्या म्हणून बरं. मी आपली चालत सुटले होते, त्यांनी धरून बसवलं. स्वतःची शाल घातली माझ्यावर. म्हणाल्या, डोळ्यांत ओल जाऊ द्यायची नाही, माझे तसेच गेले."

"आणि मग...?" हे साहेबानं विचारलं.

"मग म्हणाल्या, तुमच्या भावाबरोबर जरा फाटकापर्यंत जाऊन येते. या खेपेला तरी आत घेतात का बघते."

परत येताना साहेब अक्काच्या दुसऱ्या बाजूनं चालला, तिचं कोपर धरून.

खिडकीशी आलो तेव्हा बाक रिकामा होता. बसायची जागा ओली होती, एवढंच. साहेबानं अक्काचा अंगठा घेतला, भिंगातून बघितला, पासपोर्टवर शिक्का मारला. अक्कानं शाल काढून पुढं केली. "ही त्यांना परत द्या हो. थंडीत बिचाऱ्या तशाच फिरतायत." त्यानं शालीची नीट घडी घातली आणि बाकावर ठेवली.

मी विचारलं, "कोण आहेत त्या?"

"मी इथं आलो त्याच्या आधीपासून आहेत. अशाच ऑपरेशन करून परत येत होत्या, भावाबरोबर. भाऊ एकटाच खिडकीशी पोचला." तो शाईची गादी बंद करत होता. "बावीस वर्षं मी त्यांना परत पाठवतोय. धुकं पडलं, कुणी कुणाचा हात सोडला, की येतात. रोज इथं येणाऱ्या सगळ्यांचे अंगठे मी उगाच बघत बसत नाही. पण त्यांचा अंगठा उमटत नाही. कागद नाहीत. शिक्का मारायचा कशावर?"

मी हात जोडले. त्या वेळी माझ्या मनात भीती नव्हती, खरं सांगतो. या माणसानं रांगेच्या शिव्या खात एकेक अंगठा बघितला नसता, तर मी कुणाला घरी नेलं असतं आणि कुणाला मागं ठेवलं असतं? आणि त्या बाईंनी स्वतःची शाल दिली नसती, तर?

तोही बहुतेक शालीचाच विचार करत होता. कारण "जा तुम्ही," म्हणाला, पण वही मिटली नाही. त्या ओल्या डागाकडे बराच वेळ बघत बसला. मग शिक्का उचलला आणि अलगद त्या डागावर ठेवून दाबला. माझ्याकडे बघितलं नाही.

"पुढचा," म्हणाला.

बस लागली होती. शेवटचा तिघांचा बाक मिळाला. अक्काला मधे बसवलं, खिडकीची जागा वारा लागतो म्हणून मोकळी ठेवली. बस सुरू झाली, दिवे लागले, लोक परत त्या खडूसाला नावं ठेवायला लागले. मी एकटाच त्याला दुवा देत होतो. अक्काचा ऊन ऊन हात माझ्या हातात होता, आणि आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन गावं मागं पडली असतील. अक्का खिडकीकडे मान करून काहीतरी ऐकत होती. मधेच "हो का," म्हणाली, मग "असू दे, असू दे," म्हणाली.

"कुणाशी बोलतेस?"

"या बाईंशी. मघाच्याच. अरे, सोडलं यांना. किती खूश आहेत." मग तिनं आवाज खाली केला. "मी विचारलं, कुठं उतरणार? तर आपल्याच गल्लीचं नाव सांगतायत. म्हणतायत, भावाच्या घरी."

खिडकीकडच्या जागेवर सीटचं कापड हळूहळू काळं पडत होतं, ओलीनं. मी काय बोलणार? मधल्या पट्टीत निम्मा रस्ता त्यांचा हात धरून मीच म्हणत आलो होतो, आपल्या घरी जाऊ, आता कुठं जायचं नाही, घरी चल.