आंब्यावरची लाल फीत

माझी सतरावी फीत तो सोडत होता.

आधीच्या सोळा त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलेल्या, त्यांची लाल टोकं बाहेर लोंबत होती. मी करकचून ब्रेक दाबला, खडी उडाली, तरी या माणसाने मान वळवली नाही. गाठ सोडवणं चालूच. माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आता त्यालाही कळणार होतं.

टिटवाळ्याच्या पुढे वनखात्याचं एक फाटक आहे. गाड्यांना तिथून पुढे बंदी. आत सहा किलोमीटर खडीचा रस्ता — आधी सागाचं जंगल, मग एकदम उघडा माळ, गुडघाभर पिवळं गवत आणि वारा. हॉर्न नाही, धूर नाही. जाड टायरची ग्रॅव्हल सायकल घेऊन मी कोलशेतहून पहाटे निघायचे ती याच्यासाठीच. दुसऱ्या दिवशी आमच्या क्लबातले चाळीस जण येणार होते. त्यांनी फाटे चुकू नयेत म्हणून सकाळी जाताना मी झाडांना फिती बांधत गेले होते, आणि परत येताना हे दृश्य.

“अहो, ते आमचं मार्किंग आहे,” मी म्हटलं.

“माहितीये. पण माझ्या आईला माहीत नाही. ती सकाळपासून आंब्याखाली बसलीये. पाणीपण घेत नाहीये.”

मग त्याने सांगितलं. इकडे झाडाला लाल फीत लागली की मोजणीवाले आले असंच समजतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या खालच्या शेतात अशाच फिती लागल्या, मग नंबर घातलेले दगड आले, मग तीन आंबे नव्या महामार्गात गेले. उरला एकच, घराजवळचा. त्याच्याच फांदीला मी सकाळी गाणं गुणगुणत फीत बांधली होती. छान फुलाची गाठ मारून.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मुकाट्याने त्याच्यामागून गेले. केशरबाई, म्हणजे त्याची आई, आंब्याच्या खोडाला पाठ लावून बसली होती.

“कुनी बांदली गो ती?”

“मी, काकी. मोजणी नाहीये. चुकले मी.”

तिने माझं हेल्मेट बघितलं, धुळीने माखलेले बूट बघितले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. आतून तांब्या आणला. सकाळपासून स्वतः उपाशी, पण पाणी आधी मला दिलं. ते माझ्या मनाला फार लागलं.

त्याचं नाव दिपेश. कल्याणच्या शाळेत गणित शिकवायचा. फितींशिवाय चाळीस माणसं जंगलात हरवतील अशी मी कुरकुर केल्यावर त्याने गावची रीत सांगितली. जो फाटा घ्यायचा नाही, त्याच्या तोंडाशी हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्याला कळतं, इकडे जायचं नाही. संध्याकाळपर्यंत पाला सुकतो आणि कुणाला काही त्रास होत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून नऊ फाटे बंद केले. चाळीसच्या चाळीस जण नीट परतले. मी मात्र... मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले. एकटीच.

तोही यायचा. जुनी, जड, कॅरिअरवाली सायकल घेऊन.

“तुझ्या सायकलला गिअर किती?” त्याने एकदा विचारलं.

“अकरा. तुझ्या?”

“एकच. तो सीटवर बसून पेडल मारतोय.”

आणि तरी चढावर तो माझ्या पुढे. वर पोचून थांबायचा, मी धापा टाकत आले की घड्याळ बघितल्यासारखं करायचा. माळावरच्या गवताची कुसळं माझ्या मोज्यांत रुतायची. ती काढायला तो समोर मांडी घालून बसायचा — एकेक, अगदी सावकाश, गणिताचे पेपर तपासावेत तसा. मला घाई नसायची. त्यालाही नसावी. वर्ष असं गेलं, आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मी, जी रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावते, ती गप्प बसले.

जानेवारीतल्या एका रविवारी कुसळं काढता काढताच तो म्हणाला, “पुढच्या रविवारी मी नाहीये. पडघ्याला मुलगी बघायला जायचंय.”

“बरं,” मी म्हटलं. काय मूर्ख शब्द आहे.

त्याने मोजा सोडला. “तू काही बोलणार नाहीयेस ना?”

“तूच निघालायस बघायला. मी काय बोलू?”

“मैथिली, तुला हा रस्ता आवडतो. गाडी येत नाही म्हणून आवडतो.” तो माळाकडे बघत होता. “गाडी येत नाही म्हणून आजारी बाबांना आम्ही खुर्चीत बसवून फाटकापर्यंत उचलून नेलेलं. तिथे पोचेपर्यंत ते गेलेले. मी रागावून नाही सांगत. पण तू रविवारची आहेस. आई सोमवार ते शनिवार इथेच असते. मीपण.”

मला तडकाफडकी उत्तर द्यायचं होतं. पण तो खरं बोलत होता. वर्षभरात त्याच्या अंगणात मी एकदाच पाऊल टाकलं होतं, तेही फितीच्या दिवशी. पुढच्या खेपांना मी माळ बघितला, त्याचे हात बघितले, आणि घर वाटेतच असूनही पुढे गेले.

सोमवारी ऑफिसात मी तीन चुकीचे मेल पाठवले. मंगळवारी अर्धी रजा टाकली. टिटवाळ्याहून रिक्षाने फाटकापर्यंत गेले आणि आत चालत सुटले. अंगावर ऑफिसचे कपडे, पायांत सँडल. सायकलवर वीस मिनिटांत मागे पडणारा रस्ता पायी संपता संपेना. खडी टाचेखाली टोचत होती. एका वळणावर मी थांबले, आणि इथून चार माणसांनी एक खुर्ची कशी नेली असेल ते डोळ्यांसमोर आलं. रडू आलं. तशीच चालत राहिले.

केशरबाई अंगणात वाल सोलत बसली होती. मी समोर उभी राहिले.

“काकी, रविवारी मुलगी बघायला निघालायत ना? त्याआधी मला बघा.”

तिने बघितलं. धुळीने भरलेल्या सँडलपर्यंत.

“तुला चालता येतं तर,” ती म्हणाली. “तुज्या घरी सांगितलंस?”

“अजून नाही.”

“बस मंग. साडेपाचला येल तो. त्याला तूच सांग. तो हो बोलला तर पडघ्याला फोन मी करीन. तिकरच्या पोरीला ताटकलत ठेवाचा नाय.”

मी बसले. वाल सोलले. साडेपाचला दिपेश आला, मला बघितलं आणि सायकल लावायचीच विसरला, तसाच हँडल धरून उभा.

“आज कशी?”

“मला तू हवायस,” मी म्हटलं. “हा रस्ता डांबरी झाला, इथून बस जायला लागली, तरी हवायस. बस जावीच. मी तिच्यातून येईन... आणि मंगळवारीपण येईन.”

त्याने सायकल आंब्याला टेकवली. मग म्हणाला, “तुझ्या बाबांना फोन लाव.”

“आत्ता?”

“आत्ता. नंतर मी घाबरेन.”

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. तो ताठ उभा राहिला, मुख्याध्यापकांसमोर उभा राहावा तसा. नाव सांगितलं, शाळा सांगितली, गाव सांगितलं. मग म्हणाला, “काका, मला मैथिलीशी लग्न करायचंय. घरी येऊन विचारायला हवं होतं. पण मी आधीच एक वर्ष उशीर केलाय.”

पलीकडे माझी आई मागून कोण आहे, कोण आहे विचारतेय ते ऐकू येत होतं.

“अंधार पडायच्या आत तिला स्टेशनवर सोडा,” बाबा शेवटी म्हणाले. “आणि रविवारी तुमच्या आईला घेऊन कोलशेतला या. मग सविस्तर बोलू.”

केशरबाईने पडघ्याला फोन केला. त्यांची मुलगी चांगलीच आहे, आमच्याच पोराचं मन दुसरीकडे आहे, असं सरळ सांगून टाकलं.

दिपेशने सायकल वळवली आणि कॅरिअरवरची धूळ रुमालाने पुसली. मी आजवर कुणाच्या मागे बसले नव्हते.

“घट्ट धर. खडी आहे,” तो म्हणाला.

कुठे धरायचं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.