चार नंबरची खोली

जरा जवळ सरका पोरांनो, हल्ली माझे गुडघे आणि आवाज दोन्ही बसलेत. ऐकीव सांगत नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे.

हा मित्र मनोविकारांचा डॉक्टर. दारू सोडवायचं केंद्र चालवायचा. कोणी त्याला देव मानायचं, कोणी कसाई म्हणायचं. त्याचा नियमच तसा होता: पहिला आठवडा खोलीला बाहेरून कुलूप, आणि पेशंटने कितीही गयावया केली तरी जवळ बसायचं नाही. म्हणायचा, ती दारू बोलते, माणूस नाही. त्याच्या हातून कितीतरी संसार सावरले, हेही खरं. पण एका रात्री चार नंबरमधला ट्रकड्रायव्हर दार वाजवत राहिला. औषध नको म्हणाला, नुसतं बसा. हा उठला नाही. सकाळी कुलूप काढलं, तर ड्रायव्हरचा जीव गेलेला.

चौकशीतून डॉक्टर सुटला. केंद्राला मात्र टाळं लागलं. बायको लेकाकडे गेली, ती परतलीच नाही.

तीन वर्षं गेली. नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. जेवण उरकतंय तोच केंद्राच्या शेजाऱ्याचा फोन आला, की बंद इमारतीची टाकी भरून वाहतेय. हा टॉर्च घेऊन गेला. गच्चीवर जाऊन कॉक बंद केला. जिना उतरू लागला.

टक... टक.

चार नंबर.

उंदीर असेल, असं मनाशी म्हणून त्याने पाऊल उचललं.

"डॉक्टर..."

आवाज हळू. त्यात रागही नाही.

"...बसता का?"

पळावंसं वाटलं त्याला. मग स्वतःचं घर आठवलं. तिथे तरी कोण वाट बघत होतं?

तो दाराला पाठ लावून खाली बसला.

आत कुणीतरी लांब श्वास सोडला. मग... काहीच नाही. टॉर्च मंदावला. विझला.

"झोपलात?"

"नाही," हा म्हणाला. "आहे मी."

उजाडल्यावर त्याने मला फोन केला. मी गेलो, तर तिथेच बसलेला, थंडीने आखडलेला. एवढंच म्हणाला, की कुलूप तोड. गंजलेलंच होतं. तोडलं, दार बाहेर ओढलं.

आत जाड धूळ. खिडकीपासून उंबऱ्यापर्यंत एक पाऊल उमटलेलं नाही.

फक्त दाराला लागून, आतल्या बाजूला... माणूस पाठ टेकून बसेल एवढी जागा. स्वच्छ.