वाकडी शेपटी आणि चार नंबरचं दार

"याची शेपटी सरळ आहे!" बिट्टी जवळजवळ किंचाळलीच.

"मग काय वेणी घातलेली हवी होती का?" भोंगा म्हणाला.

"चेष्टा पुरे! आधी हा एक्स-रे बघ!"

बिट्टीची मावशी प्राण्यांची डॉक्टर. सुट्टी लागली की बिट्टी मावशीकडे यायची आणि शेजारची दोन मुलं तिला येऊन चिकटायची. एकाचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा, म्हणून तो भोंगा. दुसरा प्रश्न विचारून विचारून मोठ्यांना भंडावून सोडायचा, म्हणून त्याचं नाव पडलं प्रोफेसर. पाण्याची भांडी भरायची, टॉवेलांच्या घड्या घालायच्या आणि कोणाच्याही कामात लुडबुड करायची नाही, या तीन अटींवर त्यांना दवाखान्यात यायची परवानगी होती. पहिल्या दोन अटी ते अगदी मनापासून पाळत.

भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर शेरूचा एक्स-रे लावला होता. शेरू म्हणजे शिंपीणकाकूंचा नारिंगी बोका. या पठ्ठ्याने काल दोऱ्यासकट सुई गिळली होती! पोटात ती पांढरीशुभ्र सुई स्पष्ट दिसत होती आणि शेपटीचं टोक काटकोनात वळलं होतं. पण पिंजऱ्यात झोपलेल्या बोक्याची शेपटी गजांमधून सरळ खाली लोंबत होती. दारावरच्या कार्डावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शेरू. ऑपरेशन. उपाशी ठेवा.'

काल संध्याकाळी काकू झाकलेली टोपली छातीशी धरून आल्या होत्या. "घरात मी आणि तो, दोघंच गं," त्या सांगत होत्या. "शिलाई मशीन सुरू केलं की कुठे असेल तिथून येतो आणि पायाशी बसून घुरघुरतो." सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा बिट्टीने त्यांचा हात धरून बजावून सांगितलं होतं, "काकू, उद्या दुपारी शेरू तुम्हाला ठणठणीत मिळेल. माझा शब्द!" शब्द देऊन बसली खरी, पण शेरू होता कुठे?

"कंपाउंडरकाका, हा शेरू नाहीये!"

कंपाउंडरकाका इंजेक्शनची तयारी करत होते. माणूस कामाला वाघ, पण त्यांना कोणी चूक दाखवलेली मुळीच खपत नसे. "एक्स-रेमध्ये सगळं वेडंवाकडंच दिसतं," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली मला इथे. कार्डावर शेरू लिहिलंय ना? मग तो शेरू! कुत्र्याचं ऑपरेशन संपत आलंय. दहा मिनिटांत याला गुंगीचं इंजेक्शन द्यायचंय. पळा!"

बिट्टी ऑपरेशनच्या खोलीकडे धावली. दारावरचा लाल दिवा पेटला होता. गोल काचेतून मावशीची पाठ दिसत होती, आणि तो दिवा पेटलेला असताना दार ठोठावायचं नाही हा इथला सगळ्यांत कडक नियम होता. कुत्र्याचं पोट उघडं असताना दचकून मावशीचा हात हलला तर?

"शेजारचा पिंजरा रिकामा का?" प्रोफेसरने विचारलं.

"तिथे लॉजवाल्या शेठचा सोन्या होता. कान साफ करायला आला होता," बिट्टी म्हणाली आणि मध्येच थबकली. "अरे देवा! तोही नारिंगीच! आत्ताच शेठचा ड्रायव्हर टोपली घेऊन गेला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुई पोटात असलेला शेरू निघाला होता लॉजवर, आणि धडधाकट सोन्याचं पोट फाडायची इथे तयारी चालली होती!

"प्रोफेसर, तू काकांना अडव!"

"कसं?"

"तुला येतं तेच कर!"

बिट्टीने सायकल काढली. भोंगा मागे कॅरियरवर बसला. उतारावरून सायकल अशी सुटली की बिट्टीला ब्रेकची आठवणच राहिली नाही. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" भोंग्याने गळा मोकळा सोडला. भाजीची पिशवी घेऊन चाललेले एक आजोबा भिंतीला चिकटले. दोन कबुतरं उडाली. एका बाईने खिडकी उघडली आणि लगेच लावूनही घेतली.

पेट्रोल पंपावर शेठची गाडी चाकांत हवा भरून घेत उभी होती! ड्रायव्हरकाका पुढच्या सीटवरच्या टोपलीपाशी वाकले होते आणि त्यांच्या हातात होता माशांनी भरलेला डबा.

"थांबा!" भोंगा असा गरजला की डबा काकांच्या हातातून निसटून धपकन खाली पडला.

"काय रे! शेठनी खास सोन्यासाठी पाठवलेत मासे!"

"काका, हा सोन्या नाही, शेरू आहे! याच्या पोटात सुई आहे आणि याचं ऑपरेशन व्हायचंय," बिट्टी धापा टाकत म्हणाली. "त्याने काही खाल्लं तर आज ऑपरेशनच करता येणार नाही!"

"काहीतरीच काय! मी काय शेठचा बोका ओळखत नाही?" काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा नरम होता. "म्हणजे, माझी त्याच्याशी फारशी उठबस नाही म्हणा."

"मग हाक मारून बघा."

"सोन्या! ए सोन्या!" टोपलीत सामसूम.

"आता ऐका," बिट्टी म्हणाली. "भोंग्या, शिलाई मशीन!"

भोंग्याने गाल फुगवले. "खडखडखडखडखड..." असा हुबेहूब आवाज काढला की पंपावरचा माणूस वळून पाहू लागला. टोपली हलली. आतून मोठ्यानं घुर्र-घुर्र सुरू झालं आणि झाकणाच्या फटीतून एक नारिंगी शेपटी वर आली. टोकाला काटकोनात वळलेली!

"बसा गाडीत!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "सायकल टाका डिकीत!"

इकडे प्रोफेसरने काय केलं ते बिट्टीला नंतर कळलं. इंजेक्शन घेऊन कंपाउंडरकाका पिंजऱ्यापाशी आले तेव्हा हा दारासमोर उभाच होता. काका, गुंगीत मांजराला स्वप्नं पडतात का? काका, बोक्याचं वजन मिशांसकट करतात का? काका दात-ओठ खात उत्तरं देत होते. शेवटी प्रोफेसरचे प्रश्नही संपत आले. काय विचारावं म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला आणि एकदम म्हणाला, "काका, तीन नंबरच्या पिंजऱ्याला चार नंबरचं दार का?"

काकांनी पाहिलं आणि इंजेक्शन हळूच खाली ठेवलं. रोज सकाळी प्राण्यांना टोपल्यांत ठेवून ते पिंजऱ्यांची दारं काढत आणि अंगणात घासूनपुसून लख्ख करत. कार्डं मात्र दारांवरच अडकवलेली असत. आज बोके आपापल्या पिंजऱ्यांत परतले होते, पण दारांची अदलाबदल झाली होती!

लाल दिवा विझला आणि मावशी बाहेर आली. त्याच क्षणी टोपली घेऊन बिट्टी आत शिरली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच शेरूचा नवा एक्स-रे काढला. सुई होती, आणि नशिबाने कालच्याच जागी! अर्ध्या तासात शेरू टेबलावर होता. तिघांनी गोल काचेला नाकं लावली. मावशीने चिमट्याने सुई वर उचलून दाखवली आणि बिट्टीचा जीव भांड्यात पडला.

दुपारी काकू आल्या. मावशीने काही लपवलं नाही. "चूक आमची झाली," ती म्हणाली. "मीही नुसत्या कार्डावर विसंबले असते. या मुलांनी तुमचा शेरू वाचवला." काकूंनी गुंगीतल्या शेरूच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तिघांना एकदम कवेत घेतलं आणि हसता हसता रडल्या.

"माझं चुकलं," कंपाउंडरकाका खालमानेनं म्हणाले. "पोरीनं धडधडीत दाखवलं तरी मी ऐकलं नाही." सोन्याला शेठकडे पोचवायला ते स्वतः गेले.

संध्याकाळी एका सशाच्या दाताचं ऑपरेशन होतं. मावशीने हातमोजे चढवले, टेबलापाशी आली आणि थांबली.

"बिट्टी, आत ये. हा तोच ससा आहे ना?"

बिट्टीने एक्स-रे पाहिला. मग ससा नाकापासून शेपटीपर्यंत नीट पाहिला, कान मोजले, दात पाहिले आणि पुन्हा एकदा एक्स-रे पाहिला. तिने चांगला वेळ घेतला. मावशी शांतपणे उभी होती. कंपाउंडरकाकाही उभे होते. 'आटप' असं कोणीच म्हणालं नाही.

"हो मावशी, तोच आहे."

"मग करूया सुरू," मावशी म्हणाली.